दुमडलेला कोपरा

तिचा डबा तिच्या गावाहून, हट्ट्याहून, दुपारच्या बसनं यायचा. तिची आई तो कंडक्टरच्या हवाली करायची आणि वसमतच्या स्टँडवर ही उतरवून घ्यायची. ज्वारीची भाकरी, ठेचा, कधी अंबाडीची भाजी. माझं घर अभ्यासिकेपासून दहा मिनिटांवर. माझ्या ताटात गरम पोळी पडायची. तरी मला त्या गार डब्याचा हेवा वाटायचा. माझ्यासाठी रोज धावत जाऊन बस गाठणारं कुणी नव्हतं.

माझी ती मैत्रीण गेली. तिच्याबद्दल लिहायला बसले की पहिल्यांदा हा डबाच आठवतो, आणि हेवा.

राज्यसेवेची तयारी आम्ही दोघींनी शेजारच्या खुर्च्यांवर बसून केली. मी चार रंगांच्या पेनांनी वह्या भरायचे. ती दुपारी पुस्तकावर डोकं टेकून सरळ झोपायची, आणि उठली की मलाच घटनेची कलमं विचारायची. मी अडखळले की हसायची. "काहून गं, एवढं लिहून राहिलीस, अन् ध्यानात काय ठिवलंस?" बाकीची पोरंही हसायची. मीही हसायचे. हसणं सोपं होतं.

एका वर्षी पूर्वपरीक्षा झाली आणि पहिली उत्तरतालिका आली. आम्ही दोघी काठावर होतो. मातीवरच्या एका प्रश्नाला आमची उत्तरं वेगवेगळी होती, आणि तालिकेत माझा पर्याय बरोबर धरला होता.

ती चिडली. "आमच्या वावरात येऊन उभी ऱ्हाय, अन् मग सांग कोणतं बराबर."

"वावराचा पुरावा चालत नाही," मी म्हणाले.

ते खरंच होतं. उत्तरावर हरकत घ्यायची तर छापील पुस्तकाचं पान जोडावं लागतं, आणि त्याला दिवस थोडेच मिळतात. हरकत मान्य झाली असती तर तिला गुण मिळाला असता आणि माझा गेला असता.

"तुझ्या बाबांची शाळंतली पुस्तकं हायेत ना? बघ बरं बाई एकदा. तुमच्या घरात भिंतीपेक्षा पुस्तकंच जास्त."

बाबा हयात असताना शाळेत भूगोल शिकवायचे. त्यांचं जुनं पाठ्यपुस्तक मी त्याच संध्याकाळी काढलं. तिचं उत्तर तिथं जसंच्या तसं छापलेलं होतं. सवयीनं मी पानाचा कोपरा दुमडला, समासात पेन्सिलनं प्रश्नाचा क्रमांक लिहिला, आणि पुस्तक होतं तिथं परत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तिनं डबा उघडता उघडता विचारलं, "सापडलं काय?"

"नाही."

"बराबर बघितलंस?"

"सगळी बघितली."

"जाऊ दे मंग. मायला सांगते, तुझी माती नापास झाली." ती हसली आणि अर्धी भाकरी माझ्यापुढं सरकवली. मी ती खाल्ली.

मुदत संपली. अंतिम तालिकेतही उत्तर बदललं नाही. मी पार झाले, ती एका गुणानं राहिली. पुढं मुख्य परीक्षेत मी पडले, आणि इतकी पडले की पुन्हा अर्ज भरायचं धाडसच झालं नाही. एका कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला लागले.

"तुला नको तर मला दे की तुझी पुस्तकं," ती म्हणाली. मी सगळी पोत्यात भरून दिली. भूगोलाचंही त्यातच गेलं. त्या कोपऱ्याची मला आठवणसुद्धा राहिली नव्हती.

त्या वर्षी ती निवडली गेली. हट्ट्याच्या फाट्यावर फेटा बांधलेल्या तिच्या फोटोचा फ्लेक्स लागला. सत्काराला तिनं मला स्टेजवर बोलावलं. "हिच्या पुस्तकांवर शिकले मी," असं माईकवर म्हणाली आणि स्वतःच्या गळ्यातला हार माझ्या गळ्यात घातला. टाळ्या वाजल्या. झेंडूचा तो ओला हार मला नको होता, मला तिचं पद हवं होतं. पुढं तो फ्लेक्स उन्हानं पांढरा पडेपर्यंत कामावर जाता-येता बसमध्ये मी पलीकडच्या खिडकीशी बसत राहिले.

गेल्या महिन्यात तिला ताप आला, आणि आठ दिवसांत ती गेली. भेटायला गेले तेव्हा तिच्या आईनं आतून पोतं ओढत आणलं. "तुझी पुस्तकं हायेत बाई. दवाखान्यात जाताना बोलली व्हती, तिला नेऊन द्या म्हणून." एवढं बोलून ती मोकळेपणी रडली. मला तिच्या रडण्याचाही हेवा वाटला. माझं तर तेही आत अडकलं होतं.

घरी येऊन भूगोलाचं पुस्तक उघडलं. बाबांनी दुमडलेली पानं तशीच दुमडलेली होती. फक्त मी दुमडलेला कोपरा उलगडून, नखानं दाबून सरळ केलेला होता. मोडल्याची रेघ राहिली होती. पेन्सिलचा क्रमांकही होता. तिनं तो खोडला नव्हता.

म्हणजे तिला कळलं होतं. अभ्यासाच्या त्या वर्षातच, हार घालायच्या कितीतरी आधी. आणि ती एका शब्दानं बोलली नाही.

लोक मला सांगतात, किती मोठ्या मनाची होती. मी मान हलवते आणि आतून जळते. परीक्षेत ती पुढं गेली ते मी कधीतरी सोसलं असतं. पण इथंही तीच पुढं गेली, आणि इथं पुढच्या वर्षी पुन्हा बसायची सोय नाही.

रविवारी दुपारच्या बसनं हट्ट्याला जाणार आहे. पुस्तक पिशवीत घातलंय. तिच्या आईला ते पान वाचून दाखवायचं, आणि तुमच्या मातीचं उत्तर बरोबर होतं एवढं तरी सांगायचं. मग ती विचारेल, हे तुला कधी कळलं? त्याचं उत्तर मला येतं.