दोन लग्नं, एक चुलांगण

थोरली चारुशीला मुंबईत काय करते असं तुळजापुरात कुणी विचारलं, तर तात्या 'कारकुनी' एवढं म्हणून विषय संपवत. लेक यंत्रापाशी बसते हे सांगायची त्यांना लाज वाटे. जन्मभर कचेरीत कारकुनी केलेल्या माणसाला तो शब्द तरी घरचा होता.

खरं तर चारुशीला कॉम्प्युटरवर कामाला होती. त्या यंत्राची जवळची स्मृती तोकडी आणि लांबची ऐसपैस, पण संथ. म्हणून माहितीचं लागेल तेवढंच पान जवळ आणायचं आणि बराच वेळ हात न लागलेलं परत धाडायचं. यंत्र हे परस्पर सांभाळी, आणि चालू कामाला वाटे, सगळं आपल्या हाताशीच आहे. या लबाडीवर चारुशीला बेहद्द खूश होती.

एकोणसत्तरच्या वैशाखात धाकट्या वनमालेचं आणि चुलतबहीण सरोजिनीचं लग्न एकाच मांडवात निघालं. व्याही दोन, पक्वान्नं दोन, चुलांगण मात्र एकच. तिथं जागा एवढीशी आणि सामान सगळं परसातल्या कोठीत. तात्या येऊन सांगत, आधी आमची जिलबी; पाठोपाठ काका आण्णासाहेब सांगत, आधी आमची बुंदी. मुरुम गावचा आचारी कल्याणप्पा बिचारा एकाचं सामान कोठीत धाडी, दुसऱ्याचं मागवी, आणि तेल तापेपर्यंत पुन्हा हुकूम फिरे. सगळे घामाघूम झाले, ऊन डोक्यावर आलं, तरी एक घाणा काही निघाला नव्हता.

दारात उभ्या चारुशीलेनं हा तमाशा मुंबईत पाहिलेला होता. दोन मोठी कामं एकदम घेतली, की यंत्र एकाची पानं काढून दुसऱ्याची आणण्यातच गुंतून पडे; खडखडाट फार आणि काम शून्य. उपाय एकच, एकाला पुरतं थांबवायचं. पण कुणाला? काकांना थांबवलं तर भावाभावांत जन्माचं वितुष्ट. आपलं थांबवलं तर वनमालेच्या सासरचे ताटकळणार आणि तात्या पुन्हा तोंड बघणार नाहीत.

ती आत गेली. "कल्याणप्पा, वनमालेचं सगळं कोठीत ठेवा. काकांचं उरकेपर्यंत त्यातलं काही मागवू नका."

तात्या लालबुंद झाले, पण व्याह्यांदेखत बोलायची सोय नव्हती. राग गिळून ते मांडवात जाऊन बसले.

बुंदी झरझर पडली. मग जिलबीच्या मध्येही कुणी आलं नाही, तीही भराभर निघाली. उन्हं कलायच्या आत दोन्ही पंगती बसल्या. वनमालेचे सासरे थोडे फुगले होते खरे, पण गरम जिलबीपुढं फुगणं किती टिकणार?

थोरली काय करते, असं त्यांनीच पानावर विचारलं. वाढता वाढता तात्या थबकले.

"मुंबईला मोठं यंत्र आहे," ते म्हणाले. "तिथं कुणाला थांबवायचं, ते आमची चारू ठरवती."