माफक खळ

बायकोने साड्यांना खळ घातली की त्या वासाने मी आजही अस्वस्थ होतो. सत्तरच्या सुमारास नागपुरात आमच्या घरी हातमाग होता. बाबांना ताप आला, म्हणून ताण्याची, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांची, खळ मी शिजवली.

"पीठ किती वाट्या टाकू, बाबा?"

"सूत पाहून माफक टाक गा."

माफक म्हणजे थोडं, असं समजून मी एकच वाटी टाकली. दुसऱ्या दिवशी मागावर धागे तटातट तुटू लागले. बाबा अंगात ताप असताना गाठी मारत बसले.

"सुताले हात तरी लावला होता का तू?"

"तुम्हीच माफक म्हणाले नं!"

काल शब्दकोशात पाहिलं. माफक हा शब्द अरबीतून आलेला. मूळ अर्थ जुळणारं, मानवणारं.

तुटलेले धागे मी तेव्हा मोजले होते, एकशे सोळा. सुताला मात्र हात लावला नव्हता.