तांब्यातलं पाणी

महायुद्धाच्या दिवसांतली गोष्ट. तापातून उठलेल्या बायकोला डोंगराची हवा मानवेल, असं डॉक्टर म्हणाले. म्हणून तवंदीच्या डोंगरात एका जैन शेतकऱ्याचं दगडी घर आम्ही महिनाभर भाड्याने घेतलं. मालक रोज सकाळी स्वतः पाणी आणून फडक्यातून गाळून द्यायचे. मग ते फडकं तांब्यात खळबळायचे आणि तेवढा तांब्या घेऊन पुन्हा उतार उतरून विहिरीवर जायचे.

एकदा त्यांची खेप वाचावी म्हणून तांब्या मीच अंगणात ओतला. त्यांचा चेहरा उतरला.

“अण्णा, त्यात हिरीतलं बारीक जीव असत्यात. ज्येला त्येला आपल्या घरला पोचवाय पायजे.”

खरं सांगतो, मला हसू आलं होतं.

महिन्याने बायको आपल्या पायांनी बैलगाडीत चढली. मालक गाडीबरोबर घाट उतरू लागले.

“आप्पा, जावा की आता माघारी,” मी म्हटलं.

ते गाडीमागून येतच राहिले. निपाणीत आमच्या दारापर्यंत चालत आले. बायको उंबरा ओलांडून आत गेली.

“आक्का घरात गेल्या न्हवं?” त्यांनी विचारलं, आणि मगच ते मागे वळले.

मी हात जोडले, पण ते त्यांनी पाहिलेच नाहीत.