आधी हात, मग पाणी

तबेल्यात त्याला थर्मामीटर म्हणत. घोड्याच्या पायात कुठे नखाएवढी ऊब आली, तरी ती डॉक्टरच्या आधी त्याच्या तळहाताला कळायची. सव्वीस वर्षं शर्यतीच्या घोड्यांची मोतद्दारी केलेली. खाऊ घालायचं, खरारा करायचा, लीद उचलायची, आणि रोज उजाडताना कोरड्या पायांवरून हात फिरवून बघायचं. धुणं त्यानंतर. आधी हात, मग पाणी, हा तिथला जुना शिरस्ता. गार पाणी पडलं की आतली ऊब तास-दीड तास दडी मारते आणि भल्याभल्यांना पत्ता लागत नाही.

घरी मात्र या हाताला काडीची किंमत नव्हती. सासरे त्याच्याकडेच असत, कमरेपासून लुळे, खिडकीशी खाट. पोरगी लीद उचलणाऱ्याला दिली, हे शल्य त्यांनी वीस वर्षं नीट सांभाळलं होतं. जावयाशी बोलायचं ते मुलीमार्फत. ‘त्याला म्हणावं, आंघोळ करून ये, मग जेवायला बस.’ तो समोरच उभा असायचा.

मग चॅनेलवाली बाई आली. टीव्हीवर शर्यती बघणारे म्हणजे तेच ते म्हातारे शौकीन, आणि तेही एकेक करून गळत चाललेले. नवीन माणूस बघायला बसला पाहिजे, हे काम बाईच्या गळ्यात पडलं होतं. तिचं म्हणणं, वजन, अंतर, वेळ या आकड्यांनी घरातला माणूस जांभया देतो. त्याला आपलंसं कुणीतरी लागतं, म्हणजे तो जीव मुठीत धरून शेवटपर्यंत बसतो. असं कुणीतरी शोधत ती तबेल्यात फिरली आणि एका तांबड्या घोड्यापाशी थांबली. कागदावर त्याचं नाव लांबलचक होतं. तबेल्यात त्याला जावई म्हणत, कारण बादलीला जरा डाग दिसला की स्वारी तोंड भिंतीकडे करून रुसून बसायची. हे ऐकून बाई हसत हसत गवताच्या भाऱ्यावरच बसली. तिथेच ठरलं.

दर रविवारी शर्यतींआधी दहा मिनिटं जावई. कोवळं ऊन, नळीचं पाणी, ओले चमकते पाय आणि त्यांवरून फिरणारे थर्मामीटरचे हात. महिन्याभरात, जन्मात शर्यत न बघितलेल्या बायका विचारायला लागल्या की जावई किती वाजता पळणार. पोरांनी चित्रं पाठवली. ती घोड्याच्या खोलीच्या दारावर चिकटवली, त्यातली दोन जावयाने खाल्ली.

सासऱ्यांनी पहिला कार्यक्रम बघितला आणि म्हणाले, “एक जावई दुसऱ्या जावयाचे पाय धुतोय.” हसता हसता त्यांना ठसका लागला. चौथ्या रविवारी तो घरी आला तर त्यांनी मान वळवून थेट त्याच्याकडे बघितलं. “उन्हाकडे पाठ करून उभे राहू नका. चेहरा दिसत नाही.”

वीस वर्षांत पहिल्यांदा अहोजाहो. बायको स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघून गेली.

मोठ्या शर्यतीच्या दिवशी उजाडताना त्याने जावयाच्या पायांवरून हात फिरवला. पुढच्या डाव्या पायाला, मागच्या बाजूच्या शिरेवर ऊब लागली. सुपारीएवढी. त्याने हात काढला, पँटला पुसला, परत ठेवला. होतीच.

तो ट्रेनरकडे निघाला. ट्रेनर नवा कोट घालून कॅमेऱ्यासमोर उभा होता. मध्ये जायची सोय नव्हती. तेवढ्यात बाईने हाक मारली, ऊन वर चढतंय, आधी पाण्याचं उरकून घेऊ. तो म्हणाला, जरा थांबा, डॉक्टर येऊन जाऊ देत. बाई म्हणाली, दादा, डॉक्टर थांबतील, ऊन थांबणार नाही. त्याने नळी घेतली. एकदा कॅमेऱ्यात कुणाची सावली आली, एकदा जावयाने शेपटी मारली. असं करत अर्धा तास पाणी पडत राहिलं, त्यात सगळ्यात जास्त त्या डाव्या पायावर, कारण कॅमेरा त्या बाजूला होता.

मग डॉक्टर आले. चारी पाय चाचपले, चालवून बघितला, दुडकी बघितली आणि सही केली. डॉक्टर पुढच्या खोलीकडे वळले तेव्हा तो ट्रेनरजवळ गेला आणि हळूच म्हणाला, “मालक, पहाटे डावा पाय गरम लागला होता.”

“आता लागतोय?”

त्याने वाकून हात लावला. पाय मडक्यासारखा गार.

“आता नाही.”

“मग झालं तर.”

तासाभराने परत बघा, एवढंच म्हणायचं होतं. शब्द तोंडात आले होते. पण बाई माइक घेऊन शेजारी आलीच, लाल दिवा लागला आणि तिने विचारलं, आज आपला जावई कसा आहे?

समोर कॅमेऱ्याची काच होती, आणि काचेपलीकडे कुठेतरी खिडकीशी एक खाट.

“मजेत आहे,” तो म्हणाला.

शर्यत त्याने कुंपणाशी उभं राहून बघितली. शेवटच्या वळणावर जावई तिसरा होता. सरळ रस्त्याला लागताना त्याचं डोकं एकदम खाली गेलं. मोठ्या पडद्यावरचं चित्र पुढच्या दोन घोड्यांबरोबर तसंच धावत राहिलं, मग जिंकणारा आला, टोप्या उडाल्या. थर्मामीटर तोवर कुंपण ओलांडून पळत सुटला होता. माणसांनी हिरव्या ताडपत्र्या आडव्या धरल्या होत्या. आत जावई तीन पायांवर उभा होता, घामाने निथळत, आणि याला बघून त्याने कान पुढे केले. याने डाव्या पायाला हात लावला. हात लावायची आता काही गरज नव्हती. डॉक्टर सुई भरत म्हणाले, डोकं धर. त्याने धरलं, आणि जावयाचा श्वास थांबेपर्यंत सोडलं नाही.

तो घरी पोहोचला तेव्हा दिवस अजून मावळला नव्हता. टीव्हीवर सांगितलं होतं की जावयाला दुखापत झाली असून उपचार चालू आहेत. सासऱ्यांनी विचारलं, “पाय बरा होईल ना?” तो हो म्हणाला. बाईने तशी विनंती केली होती. वाईट बातमी आठवडाभराने सांगू, लोक तुटायला नकोत.

पुढच्या रविवारी एक पांढरी घोडी उभी केली होती. बाईने नळी पुढे केली. त्याने घेतली नाही. म्हणाला, “आधी डॉक्टर हात लावतील.” बाईने समजावलं, ट्रेनरने डोळे वटारले. तो घोडीच्या पायापाशी उकिडवा बसून राहिला. शेवटी दुसऱ्या मोतद्दाराला पुढच्या खोलीतला घोडा देऊन काम भागवलं.

घरी सासरे वाटच बघत होते. “आज हात तुमचे नव्हते.”

तेव्हा त्याने सांगितलं. ऊब, पाणी, ‘मजेत आहे’, ताडपत्री, सगळं, उभ्या उभ्या. बायको दारात थांबली. सासरे बराच वेळ आपल्या चादरीखालच्या पायांकडे बघत राहिले.

“मला खरं वाटलं होतं,” ते म्हणाले. मग भिंतीकडे तोंड केलं.

कार्यक्रम अजून चालतो. बघणारे वाढलेत म्हणतात. सुरुवातीच्या संगीतावर तेच जुनं चित्र येतं: ऊन, संथ पडणारं पाणी, तांबडा पाय आणि त्याचे हात. दर रविवारी ते लागलं की सासरे मुलीला आवाज देतात. “त्याला म्हणावं, बंद कर ते.”

आणि तो उठून बंद करतो.