पुढच्या डाव्या चाकाचं शून्य

एप्रिलचा पहिला रविवार, सकाळचे आठ. रक्कम चौदा हजार सहाशे रुपये. ती अजून कोणाला दिलेली नव्हती, सर्व्हिस सेंटरने फक्त अंदाज म्हणून सांगितली होती. हजर तिघं: मी, माझी पत्नी आणि लकडगंजकडे छोटं गॅरेज असलेला आमचा मेकॅनिक. ठिकाण उमरेड रोडवरचा एक रिकामा ले-आउट. प्लॉट पाडून झालेले, डांबरी रस्ते झालेले, घर मात्र एकही नाही.

आमच्या गाडीच्या मीटरवर एबीएसचा पिवळा दिवा मधूनच लागायचा. जोरात ब्रेक दाबला तर चाकं जाम होऊन गाडी घसरू नये, म्हणून ही व्यवस्था असते. त्यासाठी प्रत्येक चाकाजवळ एक सेन्सर असतो, तो त्या चाकाचा वेग कळवत राहतो. आमच्या गाडीत पुढच्या डाव्या चाकाचा निरोप कधी यायचा, कधी नाही. एकदा निरोप चुकला की दिवा लागायचा आणि गाडी बंद करेपर्यंत तसाच राहायचा. पुन्हा सुरू केली की गायब. सर्व्हिस सेंटरमध्ये दोनदा नेली, दोन्ही वेळा दिवा लागला नाही. त्यांनी मशीन लावून जुनी नोंद वाचली, पुसली आणि सांगितलं, सेन्सर बदला, नाही जमलं तर मुख्य युनिट बदलू. दोन्हींचे मिळून चौदा हजार सहाशे.

मी नोकरीत आयुष्यभर बिलं तपासली. कारण कळल्याशिवाय पैसे द्यायची मला सवय नाही. आणि कारण मला कळलंय अशी माझी खात्री होती. दिवा सात वेळा लागला होता, आणि सातही वेळा गाडी माझी पत्नी चालवत होती.

ती गाडी शिकली ते वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. तिची आई उमरेडला एकटी राहते. मुलगा भिलाईला, मुलगी म्हणजे ही, नागपुरात. दर रविवारी आईकडे जायचं तर मला सुट्टीचा दिवस मोडावा लागे, आणि मी कुरकुर केल्याशिवाय तो मोडत नसे. म्हणून तिने क्लास लावला, लायसन्स काढलं, दोन महिने माझ्या शेजारी बसून माझी बोलणी खाल्ली आणि गेल्या दसऱ्यानंतर एकटी उमरेडला जाऊ लागली. पहिल्या रविवारी पोचल्यावर तिचा फोन आला तेव्हा ती नुसती हसत होती, काय बोलतेय ते मला कळेना. दिवा लागायला सुरुवात झाली ती त्याच महिन्यात.

"ब्रेक एकदम दाबत असशील," मी म्हणायचो.

"नाही दाबत."

"मग माझ्या हातून कसा लागत नाही?"

"त्याले मी काय करू? गाडीलेच विचारा."

होळीला तिचा भाऊ उमरेडला आला होता. सगळे जेवायला बसलो होतो, सासूबाई वाढत होत्या. गाडीचा विषय निघाला आणि मी म्हणालो, "गाडीत काही बिघाड नाही. चालवायला कोण बसलं ते तिला बरोबर कळतं. ही बसली की घाबरून दिवा लावते." मेव्हणा इतका हसला की त्याला ठसका लागला. सासूबाईसुद्धा हसल्या. पत्नी त्या वेळी स्वयंपाकघरातून पोळ्या घेऊन येत होती. तिने पोळ्या ठेवल्या आणि परत आत गेली.

पुढच्या रविवारी गाडीची किल्ली खिळ्यालाच होती आणि ती सकाळी पिशवी घेऊन बस स्टँडवर निघाली. मी विचारलं, तर म्हणाली, "गाडी घाबरते ना. कायले भेव द्यायचं बिचारीले?" त्यानंतरचे दोन रविवारही ती एसटीनेच गेली. मी अडवलं नाही. खरं तर मला थोडं हायसंच वाटलं.

मेकॅनिकला मी अंदाजाचा आकडा सांगितला तेव्हा तो म्हणाला, "साहेब, पहिले पाहून तं घेऊ. मोकळ्या जागी न्या, माझ्याकडे लाइव्ह दाखवनारी मशीन आहे." पत्नीला मी सोबत चल म्हणालो, कारण तिने चालवल्याशिवाय दिवा लागणार नाही हे मला दाखवायचं होतं. मी त्या सकाळी पुरावा गोळा करायला निघालो होतो. ती लगेच तयार झाली. "मी चालवते, तुम्ही पाहा. एकदाचं होऊन जाऊ द्या," एवढंच म्हणाली.

स्टिअरिंगखाली काडेपेटीएवढी वस्तू बसवली की मोबाइलवर चारही चाकांचे वेग दिसतात. मोबाइल माझ्या हातात होता. मेकॅनिक मागच्या सीटवरून दोन्ही सीटच्या मधून डोकं घालून बसला होता. पत्नीने गाडी सरळ रस्त्यावर काढली. वीस, वीस, वीस, वीस. चारही आकडे एकमेकांना धरून चालले होते.

"आता ब्रेक मार. नेहमी मारतेस तसा," मी म्हणालो.

तिने मारला. आकडे एकत्र खाली आले, एकत्र शून्यावर थांबले. दिवा नाही.

"नेहमीसारखा नाही मारलास."

"मंग तुम्हीच सांगा नेहमी कसा मारते ते. तुम्ही तं नसताच गाडीत."

मेकॅनिक मागे खुदकन हसला. तिने आणखी चार वेळा ब्रेक मारला. शेवटचा इतका जोरात की माझा मोबाइल पायाशी पडला. तरी दिवा नाही. मग तिने विचारलं, "मी उमरेडले कशी वळते ते करून दाखवू का? आईच्या गल्लीतून गाडी मागे घ्यायले जागा नाही, तिथंच गोल फिरवा लागते."

तिने वेग कमी केला आणि स्टिअरिंग उजवीकडे शेवटपर्यंत फिरवलं. मी पडद्याकडे पाहत होतो. वळताना आकडे वेगवेगळे झाले: शून्य, पाच, सहा, चार. पुढचं डावं चाक शून्य. पिवळा दिवा लागला.

"शून्य," मी म्हणालो.

"भाभीजी, बंद करून सुरू करा. एक बार और," मेकॅनिक म्हणाला.

पुन्हा तसंच झालं. डावीकडे वळवलं तर काही नाही, उजवीकडे थोडं वळवलं तरी काही नाही, पार टोकाला नेलं की शून्य. मग मेकॅनिकने मला चालवायला बसवलं. मी वळवलं. दिवा लागला नाही.

"पाहा," मी म्हणालो.

"साहेब, पूरा घुमवा ना. तुम्ही अर्ध्यात सोडता."

हे खरं होतं. मला ज्यांनी गाडी शिकवली त्यांनी बजावलं होतं, स्टिअरिंग कधी टोकापर्यंत ताणायचं नाही, त्याने नुकसान होतं. वीस वर्षं मी ते पाळत आलो. अरुंद जागेत चार वेळा पुढे-मागे करेन, पण टोकाला नेणार नाही. आता नेलं. शून्य आलं, आणि माझ्या हाताखाली दिवा लागला. माझा सात वेळांचा हिशेब तिथेच संपला.  पत्नीने खिडकीची काच खाली केली आणि बाहेर पाहत राहिली.

मेकॅनिकने स्टिअरिंग उजवीकडे ठेवूनच गाडी बंद करायला लावली, जमिनीवर पोतं टाकून आडवा झाला आणि डाव्या चाकाच्या मागे हात घातला. "वायर ताणली आहे साहेब. क्लिपमधून निघाली अन् काहीतरी खेचून राहिलं तिले." बराच वेळ तो चाचपडत होता. मग कट्‌ असा आवाज झाला आणि त्याने हात बाहेर काढला. हातात चिखलाने कडक झालेला काळा दोरा होता, त्यात सुपारीएवढं वाळलेलं लिंबू, कोळशाचा तुकडा आणि बिब्बा.

"हे कोनं बांधलं साहेब इथं?" त्याला हसू आवरेना. "समोर बांधतात हे, बंपरले. वायरले कोन बांधते?"

पत्नी गाडीतून उतरली. दोरा पाहून तिच्या कपाळाला आठी पडली. "आईचंच काम असंन," असं म्हणून तिने लगेच फोन लावला, स्पीकरवर. मी तिच्यापासून चार हातांवर उभा होतो. मी बोलू शकत होतो. मी घंटी वाजू दिली.

"आई, गाडीच्या चाकाले लिंबू-बिब्बा बांधला का तू?"

"मी?" सासूबाई म्हणाल्या. "मी कायले बांधू वं? माह्यानं खाली बसनं होत नाही, अन् मी गाडीखाली घुसू? काय झालं?"

"त्याच्यानं वायर ताणली गेली."

"मंग मले काहून इचारून राहिली? ज्याची गाडी त्याले इचार."

तेव्हा मी म्हणालो, "मीच बांधला."

आमच्या इमारतीत दसऱ्याला गाड्यांच्या पूजेसाठी वर्गणी काढतात. मी ती कधी देत नाही आणि का देत नाही ते प्रत्येकाला सांगतो. ऑफिसात एकजण दर शनिवारी स्कूटरला लिंबू-मिरची लावायचा. त्याला मी पेट्रोलबरोबर लिंबाचाही भत्ता मागून घे म्हणायचो. आणि पत्नी पहिल्यांदा एकटी उमरेडला निघाली त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारीच, मी बाजारातल्या एका बाईकडून हा दोरा घेतला. समोर बांधला असता तर सगळ्यांनी पाहिला असता. म्हणून पार्किंगमध्ये हवा बघतो असं दाखवून उकिडवा बसलो, चाकाच्या आत हात घातला आणि हाताला जी काळी नळी लागली ती दोऱ्याने एका पट्टीशी आवळून बांधली. ती नळी म्हणजे सेन्सरची वायर होती. सहा महिने चाक उजवीकडे पूर्ण वळलं की ती ताणली जायची. वरून कव्हर साबूत होतं, आतली तार तुटली होती. चाक सरळ असताना ती टेकायची, ताणली की सुटायची.

"माझ्यासाठी बांधला?" पत्नीने विचारलं. फोन अजून चालूच होता.

"हो."

"मले चालवता येत नाही म्हणून?"

काळजी वाटत होती, असं मला म्हणता आलं असतं, आणि ते खोटंही झालं नसतं. पण तिने जे विचारलं होतं त्याचं उत्तर ते नव्हतं. "हो," मी म्हणालो. "ठोकशील असं वाटत होतं."

"मी नाही ठोकली," ती म्हणाली. "तुमच्या दोऱ्यानं ब्रेकची सोय बंद पडली होती, तरी नाही ठोकली."

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. दिवा लागला की ती व्यवस्था काम करत नाही. उमरेडच्या गल्लीत वळल्यापासून घरी पोचेपर्यंत, कोळशाच्या ट्रकांमधून, तिने गाडी तशीच आणली होती. सात वेळा. आणि वर माझी बोलणी ऐकली होती. मेकॅनिक पोतं झटकायच्या निमित्ताने लांब गेला.

फोनवर सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, जाऊ द्या. बांधला तं बांधला." त्यांनी असं सोडून दिलं तेव्हा मला जास्त खाली पाहावं लागलं.

"आईनं ऐकलं," पत्नी म्हणाली. "दादाले मी नाही सांगनार. त्याच्यासमोर तुम्ही बोलले होते."

गॅरेजमध्ये चाक काढलं जात असताना मी भिलाईला फोन लावला आणि जसं झालं तसं सांगितलं.  मेव्हणा म्हणाला, "भाऊजी, तुम्ही? तुम्ही तं आमच्या सत्यनारायणात प्रसादाचा खर्च इचारता!" आणि तो होळीला हसला होता त्याहून जास्त हसला. मी मोबाइल कानाला लावून उभा राहिलो. हसणं थांबल्यावर तो म्हणाला, "तिले द्या फोन." बहीण-भाऊ काय बोलले ते मी ऐकलं नाही, बाहेर जाऊन उभा राहिलो.

नवा सेन्सर वायरीसकट बसवला. परत ले-आउटमध्ये नेऊन पत्नीने गाडी उजवीकडे टोकापर्यंत वळवली. सात, पाच, सहा, चार. शून्य कुठेच नाही. तिथून ती तशीच उमरेडला निघाली. मला रस्त्याच्या तोंडाशी उतरवलं, चल म्हणाली नाही. मी ऑटोने घरी आलो.

संध्याकाळी ती परत आल्यावर मी तिच्यासमोर एसटीचे पैसे ठेवले. तीन रविवार, जाणं-येणं, चारशे ऐंशी. तिकिटाचा दर मी स्टँडवर फोन करून विचारला होता. तिने पैसे मोजले, अर्धे उचलले आणि अर्धे माझ्याकडे सरकवले.

"बायांले अर्धंच तिकीट लागते," ती म्हणाली. "केव्हाचं. तुम्हाले माहीत नाही?"

मला माहीत नव्हतं. तीन रविवार ती कशी गेली, उभी की बसून, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. मेकॅनिकला सत्तावीसशे पन्नास रुपये दिले, पत्नीला दोनशे चाळीस.