गोकुळाबाईचा उतरलेला ताप

आरमोरीत आमच्या दारावर मासे घेऊन येणारी गोकुळाबाई हाक मारत नाही. टोपली खाली ठेवते आणि कोणी बाहेर येईपर्यंत बसून राहते. नवरा गेल्यापासून जाळं तीच टाकते. मुलगा कामासाठी हैदराबादला, घरी सून डिंपल. तिला ती जाळ्याला हातही लावू देत नाही.

फाल्गुनात फ्लूची साथ आली. माझी मुलगी रिना आणि गोकुळाबाई दवाखान्यात शेजारच्या खाटांवर आल्या. रिनाचं अंग भाजत होतं, तिच्या कपाळावरून माझा हात निघत नव्हता. गोकुळाबाईचा ताप मात्र लगेच उतरला आणि तिनं पिशवी भरली. दुसऱ्या दिवशी तलाव होता. त्या दिवशी सगळे ढिवर मासेमार मिळून गावतलावात उतरतात, आणि ज्या घरचं कोणी उतरलं नाही त्या घराला वाटा मिळत नाही.

“आजी, तुमची सीआरपी वाढली,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “श्वासही जलद चाललाय.”

“ताप नाई ना मले. काऊन ठेवता इथी?”

मला राहवलं नाही. रिनाचं विचारलं, तर तिची सीआरपी जेमतेम वाढलेली. ताप जिला जास्त तिचा आकडा कमी, हे मला उलटंच वाटलं. डॉक्टरबाईंनी सांगितलं, आत दाह वाढला की यकृत हे प्रथिन रक्तात सोडतं. म्हातारपणी कधीकधी ताप फारसा चढत नाही, पण आत लढाई जोरात असते, आणि त्या लढाईनंच फुप्फुसं दुखावतात.

“एकच विषाणू, मग हिचंच शरीर इतकं का चवताळलं?” मी विचारलं.

“ते पुरतं कळलेलं नाही. नुसत्या आकड्यावर मी ठेवून घेत नाही. पण आकडाही चढतोय आणि श्वासही.”

गोकुळाबाई ऐकत होती. “म्हंजे माह्या घरचे राखणदारच माह्यं घर मोडून राह्यले?”

“तसंच समजा.”

“मंग त्याईलेच उतरवा तलावात.”

खाटेशी बसलेली डिंपल हसली. मग म्हणाली, “मी उतरतो, आई.”

“तुले तं पाण्याचं भेव.”

“हाये. पन तुमी गेल्यावर वाटा कोन खाईन?”

 गोकुळाबाईनं सुनेचा हात ओढला, “जाळ्याची दोरी मनगटाले बांधजो, बोटाले नाई,” म्हणाली, आणि पिशवी खाटेखाली सरकवली.

सकाळी तिला ऑक्सिजन लावावा लागला. त्याच वेळी डिंपल कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. वाटा मिळाला.

रिना आता घरी आहे. गोकुळाबाईचा आकडा आधी उतरला, श्वास त्यानंतर. त्या दोघींच्या रक्तात नेमकं काय वेगळं होतं, हे मी अजून वाचते आहे. आज गोकुळाबाईनं मास्क बाजूला करून भात मागितला, आणि वाट्याची मरळ शेजाऱ्यांना देऊन टाकली म्हणून डिंपलला चांगलंच सुनावलं.