मामाच्या अंगणातलं अर्थिंग

आईला ऑक्सिजनचं मशीन लागलं तेव्हापासून ती दवाखान्याशिवाय कुठंच जात नव्हती. हे मशीन विजेवर चालतं, खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन वेगळा काढतं आणि नळीनं नाकाशी देतं. जरा जास्त वेळ बंद राहिलं की तिचे ओठ निळे पडायला लागतात. तिचं माहेर सोयगाव तालुक्यात, आणि तिथली लाइट लहरी. मामा फोनवर म्हणायचा, "ये की, अक्का." आई म्हणायची, "येते की." ती येणार नाही हे दोघांनाही पक्कं माहीत असायचं. मला त्या खोट्या 'येते की'चा भयंकर राग यायचा. रागाच्या भरात मी बरीच कामं पार पाडते, हेही त्यातलंच एक.

मी वाळूजला इलेक्ट्रिक पॅनेलच्या कारखान्यात वायरिंग तपासते. एका शाळेची जुनी व्हॅन विकायला निघाली होती, ती घेतली. छावणीतल्या एका चाचांनी सीट काढून आईसाठी पलंग बसवून दिला. बाकीचं माझं काम: बॅटऱ्या, चार्जर पोटातच असलेला एक इन्व्हर्टर आणि व्हॅनच्या बाजूला झाकणाचं सॉकेट. बाहेरून वायर लावली की घरातली लाइट व्हॅनमध्ये येणार, तिच्यावर मशीनही चालणार आणि बॅटरीही भरणार. लाइट गेली की मशीन आपोआप बॅटरीवर जाणार. इन्व्हर्टरच्या माहितीपत्रकात याला 'शोअर पॉवर' म्हटलं होतं, म्हणजे बोट किनाऱ्याला लागल्यावर घ्यायची वीज. आम्हाला किनारा म्हणजे मामाचा ओटा.

आधी चाचणी म्हणून आमच्या दारासमोर व्हॅन उभी करून आईला तिच्यात राहायला लावलं. सगळं सुरळीत चाललं. गल्लीतल्या बायका येऊन "कुठं निघालात?" विचारायच्या, आणि आई पलंगावरून ऐटीत सांगायची, "माहेरी." चाचाही बघून गेले. म्हणाले, "अब ले जाओ, बेटी. अम्मा का चेहरा देखो जरा."

सिल्लोड मागे टाकलं आणि आई खिडकीतून एकेक शेत कुणाचं ते सांगायला लागली. निम्मी शेतं विकली गेली असतील, पण मी टोकलं नाही.

गावात पोचलो तर मामाचं अंगण ओळखूच येईना. जिथं मुरूम होता तिथं भिंतीपासून फाटकापर्यंत नवी कोरी फरशी. "अक्काच्या खुर्चीची चाकं रुतायला नकोत," मामा म्हणाला. "उन्हाळ्याच्या आधीच उरकून घेतलं." माणसानं एवढा विचार केलेला बघून मला भरून आलं. ओट्यावर मामी भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती.

मी म्हटलं, आधी लाइट जोडते. वायर लावली. इन्व्हर्टरवर लाल दिवा लागला: अर्थिंग नाही, म्हणजे पत्र्यात उतरलेला करंट जमिनीत जायला वाट नाही. ते मिळाल्याशिवाय हा चार्जर लाइट आत घेत नाही. मी मुद्दामच तसला घेतला होता.

"अर्थिंग हाय की," मामा म्हणाला. "बाबांच्या वक्ताचं हाय."

मी घरातलं बोर्ड उघडून पाहिलं. अर्थिंगची वायर धड होती, सॉकेटही धड होतं. दिवा मात्र लालच. मामा माझ्या खांद्यावरून बघत होता. "त्या न्यूट्रललाच अर्थ जोडून टाक. गावात सगळे तसंच करत्यात."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "मामा, करंट परत नेणारी ती न्यूट्रलची वायर कुठं तुटली तर व्हॅनचा अख्खा पत्रा करंट मारेल. आणि आई त्याच पत्र्यात झोपणार आहे." मामा बोर्डापासून बाजूला झाला. मी बॅटरीचा आकडा बघितला. बॅटरी वाटेत अर्धी संपली होती. आता निघालो तर घरापर्यंत पुरेल, संध्याकाळ केली तर पुरणार नाही. मशीन सरळ घरातल्या सॉकेटला लावलं तरी तिथली लाइट कधी जाईल याचा नेम नव्हता.

आईनं आतून सगळं ऐकलं होतं. "फिरव गाडी," ती म्हणाली. "घर बघितलं नं मी. लई झालं." तिचा आवाज इतका साधा होता की मला रडू फुटेल असं वाटलं.

मामी मात्र हटेना. "दारातून माहेरवाशीण अशी कोरडी जात नसती. पायावर पाणी तरी घालू द्या."

मग खुर्ची उतरवली. व्हॅनमधून लांब नळी बाहेर घेतली. आई अंगणात आली, तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि विचारलं, "भाऊ, पाय धुवायची जागा कुठं गेली रे?"

"कुठली?"

"दाराच्या उजव्या अंगाला व्हती ती. बाबांनी अर्थिंगचा खड्डा तिथंच घेतला नव्हता का? येणारा-जाणारा पाय धुईल, खड्डा वला राहील."

मामा फरशीकडं बघतच राहिला. आईची चाकं रुतू नयेत म्हणून त्यानं तिच्याच पायाखालची ओल बंद केली होती. उन्हाळाभर त्या खड्ड्यात थेंब गेला नव्हता, आणि कोरड्या मातीत अर्थिंग लागत नाही.

तो तडक आत गेला. पहार आणली आणि स्वतःच बसवून घेतलेली फरशी स्वतःच उचकटली. खालची माती चुलीतल्या राखेसारखी निघाली. मी आधी व्हॅनची वायर काढली, घराचा मेन स्विच पाडला. मामानं ओल टिकावी म्हणून मीठ टाकून बादल्यांवर बादल्या ओतल्या. माती पाणी पीतच राहिली. शेवटी पाणी वर दिसू लागलं, तेव्हा मामीनं आईची खुर्ची तिथं नेली, भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि तांब्या तिच्या पायांवर रिता केला. आईनं डोळे मिटून घेतले होते.

मेन स्विच चालू केला, वायर लावली. दिवा क्षणभर लाल राहिला आणि हिरवा झाला.

"झालं का?" मामानं विचारलं. मी मान हलवली.

"पर आता ह्यात रोज पाणी पडाया पाहिजे," आई म्हणाली.

"मग राहा की, अक्का. रोज पाय धू."

"राहते की," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी गावची लाइट गेली. घरातले पंखे थांबले, व्हॅनमधलं मशीन चालूच राहिलं. आई ओट्यावर मामीबरोबर शेंगा फोडत बसली होती, नाकाला नळी, पाय अजून ओले. लाइट गेल्याचं तिला कळलंच नाही.